आवाज कुठं जातो

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळीची सुटी संपून आज शाळा उघडल्या आणि माझा नवा धंदा सुरू झाला. लिंबायतची आठ लेकरं सकाळी शाळेत सोडायची, दुपारी घरी आणायची. मधल्या वेळात मिळेल ते भाडं. ही डायरी धनश्रीनं आणून दिली. म्हणाली, "आप्पा, दिवसभर एकटेच बोलत असता, त्यातलं थोडं लिहून तरी काढा." माझी मुलगी बी.एड. करते आहे, त्यामुळे जगातल्या प्रत्येकानं काहीतरी लिहीत असावं असं तिला वाटतं.

मी हिलाल. वाचणारं कोणी नाही, तरी नाव लिहिलेलं बरं. तीसेक वर्षं संच्यांवर काढली. पुस्तकात यंत्रमाग म्हणतात, सुरतेत संचा. आधी कारागीर होतो, मग मास्टर झालो. अडलेल्या संच्यावर नुसता हात ठेवला की त्याला कुठं दुखतंय ते सांगायचो. मग शेठनं जुने संचे भंगारात काढले आणि पाण्याच्या फवाऱ्यावर चालणारे नवे आणले. त्यांना माणसं लागतात दोन-तीन. त्या दोन-तिनात मी नव्हतो. सगळा पावसाळा मी घरात भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. बायकोनं ताट समोर ठेवावं आणि तसंच उचलून न्यावं. ते दिवस पुन्हा नकोत.

आता बॅटरीची रिक्षा आहे, हिरवी. एक मात्र मानायला हवं, हिला आवाजच नाही. चालू झाली की नाही ते दिव्याकडे बघून कळतं.

निघताना प्रमिला पाण्याची बाटली घेऊन दारात उभी. "मी बी येस."

"शाळेत नाव घालायचं आहे का तुझं?"

"घरमा बठी बठी कटाळा येस." असं म्हणून ती माझ्या सीटच्या मागच्या फळीवर लेकरांत जाऊन बसलीसुद्धा. लग्नाला इतकी वर्षं झाली, हिला कधी कंटाळा आलेला मी पाहिला नाही. म्हटलं, नव्याचे नऊ दिवस.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

कुकरची शिट्टी बिघडली आहे. वाफ येते, शिट्टी होत नाही. मी तिचं वजन उघडून, सुईनं भोक साफ करून परत बसवलं. तरी नाही. प्रमिला म्हणते राहू द्या, मी अंदाजानं बंद करते. दारावरची घंटाही गेलेली दिसते. हल्लीच्या वस्तूच अशा, चार दिवस टिकत नाहीत.

माणसंही तशीच. मागे बसलेली गिऱ्हाइकं तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. कुठं जायचं ते दोनदा विचारावं लागतं, तेही मान मागे वळवून. स्टँडवर भिकन भेटतो, त्याचं बोलणं तेवढं स्वच्छ. तोही आमच्याच खात्यातला, म्हणजे संच्यांच्या कारखान्यातला, जुना कारागीर, आता गॅसची रिक्षा चालवतो. जुनी माणसं तोंड उघडून बोलतात.

२४ नोव्हेंबर, रविवार

धनश्रीला बी.एड.साठी मराठी शाळेत सातवीच्या वर्गावर सराव पाठ घ्यायचा आहे. विषय: ऊर्जेची रूपे. तालीम आमच्यावर. कपाटाच्या लोखंडी दारावर तिनं खडूनं लिहिलं आणि आम्हा दोघांना खाली चटईवर बसवलं.

गतीची ऊर्जा, उंचीवर ठेवलेल्या वस्तूतली ऊर्जा, उष्णता, प्रकाश, वीज, अन्नात आणि बॅटरीत असते ती रासायनिक, आणि ध्वनी. ऊर्जा कुणाला तयार करता येत नाही, नाहीशी करता येत नाही; ती फक्त रूप बदलते. मी म्हटलं, म्हणजे एकच बाई सात लुगडी बदलून फिरते. धनश्री म्हणाली, असं परीक्षकांसमोर बोलता येणार नाही, पण बरोबर आहे.

मग तिनं विचारलं, "संच्यात काय होतं, सांगा बघू." हे मला कोण विचारणार! विजेनं मोटर फिरते, पट्ट्यानं चाक फिरतं, चाकानं धोटा इकडून तिकडे पळतो. मोटर तापते, ती उष्णता. धोटा आपटतो, तो आवाज. "शाब्बास! त्यातलं कामाला किती आलं आणि वाया किती गेलं?" मी म्हटलं, कापड निघालं ते कामाचं. बाकी उष्णता शेठच्या भिंतींना आणि आवाज आमच्या कानांना.

बोलून मीच हसलो. ती हसली नाही.

पुढं प्रयोग होता. मोबाइल स्टीलच्या डब्यात ठेवायचा, आम्ही डोळे मिटायचे, आवाज आला की हात वर करायचा. मी मिटून बसलो. बराच वेळ झाला तेव्हा एक डोळा किलकिला करून पाहिलं तर प्रमिलाचा हात वर. मीही केला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा धनश्रीनं आईला माझ्या पाठीमागे बसायला सांगितलं. मग मी वाट बघत बसलो, बघत बसलो, शेवटी डोळे उघडले. ती डबा हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हटलं, वाजवायला विसरलीस का? मोबाइल बिघडला असेल.

"हो आप्पा, बिघडला," ती म्हणाली आणि माझा हात धरून बसून राहिली. डोळे भरलेले. परीक्षेची एवढी धास्ती घेऊ नये पोरीनं. नंतर मायलेकी स्वयंपाकघरात बराच वेळ कुजबुजत होत्या. कुजबुजतच असणार, कारण मला काही ऐकू आलं नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

नऊ दिवस कधीच सरले, तरी प्रमिला रोज येते. शाळेच्या फेरीला तर येतेच, मधल्या भाड्यांनाही येते. एकच गिऱ्हाईक असलं की ती फळीवर बसते, दोन असली तरी फळीवरच बसते. आणि आता एक नवीनच.

लिहावं की नाही कळत नाही. ती माझ्या खांद्यावर हात ठेवते.

पहिल्यांदा ठेवला तेव्हा मला वाटलं हिला चक्कर आली. वळून बघितलं तर म्हणाली, "पुढे देखा." आता हात सारखा असतो. कधी उजवा खांदा दाबते, कधी डावा, कधी मधेच चिमटा. म्हटलं हे काय? तर म्हणे गंमत. मला वाटतं वाटेत काही दिसलं की तिला ते मला दाखवायचं असतं. परवा उजवा खांदा दाबला म्हणून उजवीकडे पाहिलं तर एक बस अगदी अंगाला घासून गेली. तिनं बसच दाखवली असेल. जन्मभर बिचारी बॉबिन भरत बसली, शहर तिनं पाहिलंय कुठं? सुरत काय, तिला बससुद्धा नवलाची.

भिकननं पाहिलंच. "काय मास्टर, म्हातारपनमा नवीन लगीन व्हयनं का काय?" सगळा स्टँड हसला. मी वरवर चिडलो. खरं सांगायचं तर तो हात मला फार आवडतो. तरुणपणी आम्ही असे कधी फिरलो नाही. एका खोलीत सहा माणसं, तिथं खांद्यावर हात कोण ठेवतो? आता ठेवते आहे तर ठेवू दे. लोकांचं काय जातं?

१५ डिसेंबर, रविवार

आज धनश्रीचा दुसरा पाठ: ऊर्जा एकीकडून दुसरीकडे कशी जाते. यावेळी प्रयोग नव्हता. ती माझ्या अगदी समोर बसून, एकेक शब्द सावकाश बोलत होती. शिक्षिका म्हणून सुधारते आहे. मी तिला तसं सांगितलं.

उकाईच्या धरणात उंचावर अडवलेलं पाणी खाली पडतं, त्यानं चाक फिरतं, त्याची वीज होते. ती तारेतून लिंबायतच्या गल्लीत येते आणि माझ्या रिक्षेच्या बॅटरीत जाऊन रसायन होऊन बसते. सकाळी चावी फिरवली की त्या रसायनाची परत वीज, विजेची गती. म्हणजे आमची आठ लेकरं उकाईच्या पाण्यावर बसून शाळेत जातात. मला हे फार आवडलं.

मी विचारलं, आणि ब्रेक मारला की ती गती कुठं जाते? तापते, म्हणाली, चाकाजवळ हात लावून बघा. आणि आवाज? आवाज हवेतून, भिंतींतून पसरत जातो आणि शेवटी त्याचीही उष्णता होते, इतकी थोडी की कळत नाही. म्हटलं, मग आमच्या खात्यातल्या तीस वर्षांच्या आवाजावर एखादा चहा तरी झाला असता की नाही? ती म्हणाली, हिशोब करून सांगते.

प्रमिला मधेच म्हणाली, आवाजाचं काय घेऊन बसलात, खात्यात आपल्याला कुठं आवाज लागायचा? खरं आहे. ती लग्नानंतर आमच्याच खात्यात बॉबिन भरायला आली. तिथं माणूस कानाशी येऊन ओरडला तरी ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे ओठांवर बोलायचे. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे, फार तर हाताची एखादी खूण. दहा संचे पलीकडून ती मला विचारायची, भाजी कसली करू, आणि मी इकडून सांगायचो. भांडणंही तशीच केली आम्ही, आणि बाकी बोलायचं तेही. घरी सासू-सासरे, दीर, जाऊ. खात्यातच आमचा काय तो एकांत. अजूनही तिला सवय आहे, दुसरं कोणी बोलत असलं की ते शब्द आपल्या ओठांवर नकळत म्हणत असते.

धनश्रीनं हे सगळं पहिल्यांदाच ऐकलं. ती आईकडे बघतच राहिली.

एक लिहायचं राहिलं. पहाटे जाग आली की अजून मला संचे ऐकू येतात, बारीक, एकसारखे. प्रमिला म्हणते आपल्या गल्लीत आता एकही खातं उरलं नाही. असेल कुठंतरी लांब. माझे कान आहेत तिखट.

५ जानेवारी २०२५, रविवार

दिपालीची आई वत्सला घरी येऊन पोंकाचा, म्हणजे ज्वारीच्या हुरड्याचा, पुडा देऊन गेली. दिपाली म्हणजे माझ्या आठांतली सगळ्यात लहान, पहिलीतली, पुढचे दोन दात पडलेली. वत्सला साड्यांना टिकल्या लावते, नवरा हजीऱ्याच्या कारखान्यात कंत्राटावर जातो. पोरीला सोडायला दोघांनाही सवड नाही. म्हणाली, "मास्टर, बाकीचे रिक्षावाले कशी दामटतात! तुमच्या गाडीत बसवलं की मी डोळे मिटून कामाला लागते."

मी म्हटलं, ताई, ही आठ लेकरं म्हणजे माझी ताण्याची आठ सुतं. एकही तुटू देणार नाही. प्रमिला पोंक निवडत होती, ती उठून आत गेली.

१४ जानेवारी, मंगळवार

उतरायण, आपली संक्रांत. आकाशात पतंगच पतंग, पण या वर्षी लोकांत दम नाही. एरवी गच्च्यांवर कर्णे लावून काय गोंधळ असतो, पतंग काटला की अख्खी गल्ली ओरडते. आज सगळं गुपचूप. म्हटलं, पोलिसांनी बंदी घातली वाटतं. प्रमिला हसली, मग हसता हसता तिनं तोंड फिरवलं. तिचं अंग गरम लागतंय. दिवसभर गच्चीवर वाऱ्यात बसू नको म्हटलं होतं.

१६ जानेवारी, गुरुवार

प्रमिलाला सणसणून ताप. सांधे धरलेत, उठून बसता येत नाही. तरी सकाळी भिंत धरून धरून दारापर्यंत आली, चप्पल घालायला. मी ओरडलो. तर म्हणते काय, "आज पोरेसले लई जाऊ नका."

"का?"

"मन्हं ऐका. भिकनले सांगा. मी बरी व्हयनू का मंग."

तुझ्यावाचून मला रिक्षा चालवता येत नाही की काय, असं मी म्हटलं. जरा लागेलसं म्हटलं. धनश्रीही तिच्याच बाजूनं. कॉलेज बुडवते, मी येते तुमच्याबरोबर म्हणाली. म्हणजे आता बापाला राखण! आज दोघींचं ऐकून भिकनला पाठवलं. उद्या मी जाणार. मुलांच्या आया माझ्या नावावर लेकरं देतात, भिकनच्या नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज अक्षर लागलं नाही तरी चालेल.

मी धनश्री उठायच्या आत निघालो. आठही जणांना घेतलं. रेल्वेच्या गरनाळ्याखालून बाहेर पडलं की डावीकडे एक अरुंद गल्ली लागते. तिच्यातून कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेम्पो उलटा बाहेर येत होता. मला तो दिसलाच नाही. मी समोर बघत होतो, रस्ता मोकळा होता. एकदम कुणीतरी माझी कॉलर मागून ओढली, गळ्याला फास बसला. मी ब्रेक दाबला. टेम्पोचं मागचं फळकुट रिक्षेच्या पुढच्या काचेला लागलं आणि काच माझ्या मांडीवर सांडली.

कॉलर दिपालीनं ओढली होती. दोन्ही हातांनी. कुणाला काही लागलं नाही. हे पुन्हा लिहितो, कुणालाही काही लागलं नाही.

टेम्पोवाला उतरून माझ्यासमोर आला. त्याचं तोंड चालू होतं. मी म्हणणार होतो की हॉर्न का दिला नाहीस. तेवढ्यात त्यानं स्वतःच्या कानाला हात लावला आणि त्याच्या ओठांवर मी वाचलं, "बहेरो छे के? क्यारनो हॉर्न मारुं छुं!" शेजारचा पानवाला मान हलवत होता. समोरचा म्हातारा मान हलवत होता. त्या सगळ्यांनी हॉर्न ऐकला होता.

मी मागे वळलो. आठही लेकरं रडत होती. तोंडं उघडी, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळ्यांतून पाणी. आणि आवाज नव्हता. अगदी काही नव्हतं. फक्त ते लांबचे संचे चालले होते, एकसारखे, आणि तेव्हा मला समजलं की ते लांब नाहीत.

१८ जानेवारी, शनिवार

भिकन मुलांना नेतोय. शाळेनं निरोप दिला की डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय मला मुलं देता येणार नाहीत. बरोबर आहे त्यांचं.

मी दिवसभर प्रमिलाच्या उशाशी बसून होतो. ताप उतरलाय. तिला काय विचारायचं? उजवा खांदा म्हणजे उजवीकडून गाडी. डावा म्हणजे डावीकडून. चिमटा म्हणजे थांबा. मी बस बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बायको प्रेमात पडली. सगळ्या शहराचे हॉर्न ही बाई एकटी आपल्या कानांनी गोळा करत होती आणि हातानं माझ्या खांद्यात सोडत होती. आवाजाचा स्पर्श करत होती. आणि मी स्टँडवर मिरवत होतो.

शेवटी तीच बोलली. उशीवरून, समोर बघून, सावकाश. "पह्यलेच सांगतू, तं तुम्ही गाडी सोडी देतात. परत भितडाकडे तोंड करीसन बठतात. माले ते देखायत नव्हतं." मग म्हणाली, "चूक मन्ही शे. पोरे व्हतात गाडीमा."

मी म्हटलं, कानात मळ असेल. डॉक्टर काढून देईल. तिनं उशीवरच मान फिरवली. पण मला खरंच वाटतंय की मळ असेल. चिठ्ठी मिळेल. सोमवारी नाही तर मंगळवारी मुलं परत माझ्याच गाडीत बसतील.

२२ जानेवारी, बुधवार

आज कानाच्या डॉक्टरकडे गेलो. प्रमिलाचे गुडघे अजून दुखतात, तरी आली. धनश्रीही होती.

डॉक्टर तरुण, गुजराती, आमच्याशी हिंदीत बोलतो. त्यानं दिवा लावून दोन्ही कान पाहिले. मळ नाही म्हणाला. मग मला स्टुलावर बसवलं आणि समजावून सांगितलं: मी तुमच्या पाठीमागे उभा राहून हळू आवाजात एकेक शब्द म्हणेन, तुम्ही तो परत म्हणायचा. मशीनची तपासणी नंतर. तो मागे गेला. माझ्या समोर भिंतीला लागून प्रमिला बसली होती.

मी वाट बघत होतो. काहीच येईना. आणि तेवढ्यात मला तिचे ओठ हलताना दिसले.

"पतंग," मी म्हणालो.

पाठीमागून डॉक्टरनं खांद्यावर थोपटलं. बरोबर. पुन्हा शांत. पुन्हा तिचे ओठ. "बंबई." परत थोपटलं. धनश्रीचा चेहरा उजळला. चिठ्ठी मिळणार! दिपाली, बाकीची सात, सकाळची फेरी, सगळं परत मिळणार. प्रमिला मुद्दाम करत नव्हती. तिची ती जुनी सवय, दुसऱ्याचा शब्द ओठांवर म्हणायची. पण माझ्या नजरेवरून तिला कळलं. आपण काय करतोय ते कळलं.

मी तिच्याकडे बघत होतो. एवढंच म्हण, अजून दोन-तीन शब्द. मी तिला कधी काही मागितलं नाही, आज डोळ्यांनी मागितलं. तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. मग पदर घेतला आणि तोंडावर धरला. नाकापर्यंत. वर फक्त डोळे राहिले, आणि ते वाहत होते.

मला राग आला. आयुष्यात आला नाही एवढा आला. इतके दिवस खांदा दाबलास, आणि आज, जेव्हा खरं काम आहे तेव्हा पदर? डॉक्टर मागे काहीतरी म्हणत असणार. एकदा, दोनदा, तीनदा. तिचा पदर हलला नाही. पदरामागे ती हुंदके देत होती, ते खांद्यांवरून कळत होतं. आणि मग मला ती आठ तोंडं दिसली, उघडी, आवाज नसलेली.

मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, मला काही ऐकू येत नाही. आधीचे दोन शब्दही ऐकू आले नव्हते. बायकोच्या ओठांवर वाचले."

नंतर मशीनवर तपासलं. डॉक्टर समोर येऊन बसला आणि कागदावर कान काढून दाखवला. कानाच्या आत बारीक बारीक केस असतात, शेतातल्या पिकासारखे. आवाज आला की ते डोलतात, आणि त्या डोलण्याची वीज होऊन मेंदूत जाते. जास्त आवाजात वर्षानुवर्षं राहिलं की ते आडवे होतात, आणि हे पीक परत उगवत नाही. कानात मशीन लावून थोडं ऐकू येईल. समोरच्याचं, घरातलं. रस्त्यावर लेकरं घेऊन जाण्याइतकं नाही.

धनश्रीनं मला ते सगळं परत समोर बसून सांगितलं. मी म्हटलं, कमाल आहे. मी जन्मभर विजेचा आवाज करत होतो आणि कान बिचारा त्याची परत वीज करत होता. ती हसली आणि रडलीही.

जिन्यावर प्रमिला थांबली. म्हणाली, "राग उना ना?"

"आला."

"आठ लेकरे शेतस."

"माहीत आहे," मी म्हटलं. तिच्या गुडघ्यांना जिना उतरवत नव्हता, म्हणून मी एक पायरी पुढं राहून तिला धरून उतरवलं.

२५ जानेवारी, शनिवार

आठही घरी स्वतः गेलो. धनश्री म्हणाली होती मी सांगते, पण लेकरं माझ्या नावावर दिली होती तर आता जमणार नाही हे सांगायलाही मीच जायला हवं. बहुतेकांनी चहा दिला. एक आई फार बोलली. मी तिच्या तोंडाकडे बघून सगळं घेतलं, एक शब्दही चुकवला नाही. तिचा हक्कच होता.

वत्सलानं दिपालीला पुढं केलं. दिपाली माझ्या पायांना मिठी मारून उभी राहिली. मी तिला म्हटलं, कॉलर फार छान ओढलीस हो. मला वाटलं होतं की आता परत भिंतीकडे तोंड करावंसं वाटेल. तसं वाटलं नाही. वाईट मात्र फार वाटलं.

२ फेब्रुवारी, रविवार

गेल्या रविवारी जेवताना प्रमिलानं भाकरी मोडली, तोंडात घालायची थांबली आणि माझ्यासमोर तोंड करून म्हणाली, "गाडी माले शिकाडा."

मी म्हटलं, पन्नाशीला आलीस, गुडघे धरतात, सायकल कधी चालवली नाहीस. तर म्हणे, सायकलीला पाय लागतात, हिला काय लागतं? मूठ पिळायची. धनश्रीनं मोबाइलवर शिकाऊ लायसन्सचं बघितलंसुद्धा होतं. दोघींचं आधीच ठरलेलं होतं. या घरात मला सगळं शेवटी कळतं, त्याला कान चांगले असून उपयोग झाला नसता.

काल तिचं शिकाऊ लायसन्स मोबाइलवर आलं आणि आज आम्ही मोठ्या मैदानात गेलो. मी तिच्या बाजूला अर्ध्या सीटवर बसलो. ही मूठ, हा ब्रेक, हा पाठीमागे जायचा खटका. तिनं कमरेला पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि मूठ अशी पिळली की रिक्षा उडीच मारून पुढं गेली. मी "ब्रेक! ब्रेक!" ओरडलो. किती मोठ्यानं ते माहीत नाही. तिनं ब्रेक दाबला आणि आम्ही दोघं काचेवर जाऊन आपटलो, नव्या काचेवर.

दुसऱ्यांदा जरा बरी गेली. तिसऱ्यांदा मी खाली उतरलो, म्हटलं एकटी जा. ती जायला तयार नव्हती. मी ओठांवर म्हणालो, जा. ती गेली. वाकडीतिकडी, डुलत, मधे एका बकरीला वाट देऊन, मैदानाच्या कडेनं पूर्ण फेरी मारून ती परत माझ्याकडे आली, थांबली, दोन्ही हात वर केले आणि हसायला लागली. इतकी हसली की डोकं मागे गेलं, अंबाडा सुटला. केवढ्यानं हसत होती कोण जाणे. पार पलीकडच्या टोकाला क्रिकेट खेळणारी माणसं खेळ थांबवून तिच्याकडे बघत होती.